कागदी प्रोटोटाइपपासून केंद्रावरच्या चाचणीपर्यंत: नवख्यांसाठी मार्गदर्शक

एखादं अ‍ॅप किंवा यंत्र पहिल्यांदाच माणसांसमोर ठेवून तपासायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मग तुम्ही डिझाइनचे किंवा इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असा, नाहीतर छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नव्यानं लागलेले. हवेत बोलण्यापेक्षा एकच उदाहरण धरून पुढं जाऊ: गावातल्या दूध संकलन केंद्रावर वहीऐवजी मोबाइलवर नोंद करायचं अ‍ॅप. सभासद किटली घेऊन येतो, दूध काट्यावर जातं, थोडं मशीनला लावलं जातं, आणि केंद्रचालक कोड, गाय की म्हैस, दूध किती, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) किती एवढं टिपून पावती देतो. नोंदी पाचच. पण दहा दिवसांनी घरात येणारा दुधाचा पगार त्यांच्यावरच ठरतो. इथं चुकून दाबलेलं एक बटण थेट कुणाच्या तरी पैशाला भिडतं.

नवख्यांचा बहुतेक वेळ स्क्रीन देखणी करण्यात जातो. तो वेळ केंद्रावर उभं राहण्यात आणि कागद फाडण्यात घाला, हेच या लेखाचं सांगणं आहे.

१. आधी प्रश्न लिहा, मग प्रोटोटाइप निवडा

"अ‍ॅप चांगलं आहे का" हा तपासता येणारा प्रश्न नाही. वहीत एका ओळीचा प्रश्न लिहा, उदाहरणार्थ: "रांग लागलेली असताना केंद्रचालक गाय-म्हैस न चुकवता नोंद करू शकतो का?" प्रश्न ठरला की साधन आपोआप ठरतं.

क्रम, शब्द आणि मांडणी यांबद्दल शंका असेल तर कागद पुरतो. बटणाचा आकार, बोटांचा वेग, उन्हात दिसणं हे तपासायचं असेल तर कागदाचा उपयोग नाही. तिथं फिग्मासारख्या साधनात बनवलेल्या दाबता येणाऱ्या स्क्रीन खऱ्या फोनवर चढवा. फोन कुठं ठेवायचा, पावतीचा प्रिंटर कोणत्या हाताला हवा, हा प्रश्न असेल तर पुठ्ठ्याचे खोके कापून खऱ्या मापाचे ठोकळे करा आणि टेबलावर मांडा.

चौथा प्रकार फार कामाचा असूनही कमी वापरला जातो, तो म्हणजे "विझार्ड ऑफ ओझ". यंत्रणा तयार आहे असं भासवायचं आणि तिचं काम पडद्यामागून माणसानं करायचं. समजा, खिडकीबाहेर उभ्या सभासदाला स्पीकरवरून नोंद ऐकू जावी अशी कल्पना आहे. त्यासाठी आवाजाचं सॉफ्टवेअर आधी लिहू नका. तुमच्यातल्या एकानं आत बसून ब्लूटूथ स्पीकरवर वाचावं: "कोड एकशे सत्तावीस, गाय, साडेआठ लिटर, फॅट चार पॉइंट एक." कॅनच्या खडखडाटात आणि मोटरसायकलींच्या आवाजात ते ऐकू येतं का, लोक थांबून ऐकतात का, आपली फॅट चारचौघांत जाहीर झालेली त्यांना चालते का, हे एका सकाळीत कळतं. शेवटचा मुद्दा विसरू नका. कुणाची फॅट कमी लागली हे सगळ्यांनी ऐकणं अनेकांना रुचत नाही, आणि कितीही चांगलं सॉफ्टवेअर लिहिलं तरी ते बदलणार नाही.

२. केंद्रावर जाऊन उभे राहा

आयएसओ ९२४१-११ या मानकात वापरसुलभतेचे तीन भाग सांगितले आहेत: काम पुरं होतं का, किती श्रमात होतं, आणि माणूस समाधानी आहे का. तिन्ही ठरावीक माणसं, ठरावीक काम आणि ठरावीक परिस्थिती धरूनच मोजायचे, असंही त्यात आहे. म्हणून परिस्थिती आधी लिहून काढावी लागते.

सकाळचं एक आणि संध्याकाळचं एक, अशी निदान दोन संकलनं पूर्ण पाहा. हे टिपा:

– उजेड: पहाटेचा बल्ब कुठं आहे, सूर्य वर आल्यावर ऊन टेबलावर येतं का.
– हात: ओले, दुधाचे, की एका हातात माप. दुसरा हात मोकळा असतो का.
– डोळे: चष्मा लागतो पण घातलेला नाही, असं किती वेळा होतं.
– वेळ: एका सभासदाला लागणारे सेकंद. लागोपाठ वीस जणांचे मोजा. सरासरीसोबत सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्तही लिहा.
– व्यत्यय: नोंद अर्धी असताना कोण बोलतं, कुठला फोन येतो, वीज गेली तर काय होतं.
– सध्याचे जुगाड: वहीच्या समासातल्या खुणा, भिंतीवर चिकटवलेले कोड, उद्यासाठी दुमडलेलं पान.

जुगाडांकडे विशेष लक्ष द्या. प्रत्येक जुगाड म्हणजे सध्याच्या पद्धतीत कुणाला तरी न मिळालेली सोय असते. वहीत चालक आधी सगळ्यांचं दूध लिहून घेतो आणि फॅट मागाहून भरतो असं दिसलं, तर एकेका सभासदाची नोंद पूर्ण केल्याशिवाय पुढं न जाऊ देणारी तुमची स्क्रीन पहिल्याच दिवशी बंद पडेल.

एककंही तपासा. काट्यावर किलो आणि पावतीवर लिटर असा प्रकार असू शकतो. एक लिटर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो भरतं. काट्यावरचे २०.६ किलो हा २० लिटरचा आकडा आहे, आणि तो जसाच्या तसा लिटरच्या रकान्यात गेला तर अर्ध्या लिटरहून जास्त फरक पडतो. आकड्याशेजारी एकक ठळक लिहिणं आणि रूपांतर अ‍ॅपनं करणं, हे दोन्ही हवं.

३. कागदी प्रोटोटाइप बनवा

लागणारं सामान:

– ए-फोर कागद २०–२५, थोडं जाड कार्डशीट ४–५
– जाड टोकाचं काळं स्केचपेन (बारीक पेनानं कागदावर नको इतका तपशील भरला जातो)
– तीन इंची चिकट चिठ्ठ्या, पारदर्शक शीट, मार्कर, कात्री, टेप
– घड्याळ, नोंदवही, परवानगी मिळाली तर हातांचं चित्रीकरण करायला एक फोन

साडेसहा इंची फोनची स्क्रीन साधारण ७ सेंमी रुंद आणि १५ सेंमी उंच असते. कार्डशीटमध्ये तेवढी खिडकी कापा. तो तुमचा फोन. प्रत्येक स्क्रीन वेगळ्या कागदावर काढा. बदलणाऱ्या गोष्टी, म्हणजे सभासदाचं नाव, रक्कम, सूचना, सुट्या पट्ट्यांवर लिहा. आकडे भरायच्या जागेवर पारदर्शक शीट ठेवा, म्हणजे समोरचा मार्करनं लिहील आणि तुम्ही पुसून पुढच्या माणसाला द्याल. चुकीच्या वाटांचे कागदही हवेत: कोड सापडत नाही, प्रिंटरमधला कागद संपला, फॅट फार जास्त दिसते. सगळं सुरळीत चालणारी वाटच तेवढी काढणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

स्केलपट्टी वापरू नका, रंग भरू नका. ओबडधोबड कागद दिसला की माणूस मोकळेपणानं "हे इथं नको" म्हणतो. सफाईदार चित्रावर शेरा मारायला तो संकोचतो, आणि तुम्हालाही ते फाडवत नाही.

आता मुख्य नोंदीची स्क्रीन जवळून पाहू. पहिली रचना बहुतेकांची अशी असते: वर "गाय / म्हैस" अशी सरकती कळ, खाली चार रकाने, तळाशी "जतन करा". यातली कळ धोक्याची आहे. आधीच्या सभासदाचं म्हशीचं दूध होतं, कळ तिथंच राहिली, पुढच्याचं गाईचं दूध म्हैस म्हणून नोंदलं गेलं. यंत्र एका अवस्थेत आणि माणसाच्या मनात दुसरी, ही चूक फार जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅप्सऐवजी (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांऐवजी) चाकं आत घेत, कारण दोन्ही कळी शेजारी आणि दिसायला सारख्या होत्या. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञानं चाकांच्या कळीवर रबरी चाक आणि फ्लॅप्सच्या कळीवर पाचरीच्या आकाराचा तुकडा बसवायला लावला. हाताला फरक कळू लागला आणि प्रश्न सुटला. "वैमानिकाचं लक्ष नव्हतं" म्हणून त्यांनी तो सोडून दिला नाही.

आपल्या स्क्रीनवर तेच करा. सभासदाच्या कोडशी जनावराचा प्रकार जोडून ठेवा. दोन्ही घालणाऱ्याला प्रत्येक वेळी दोन मोठ्या बटणांतून निवडायला लावा, आधीची निवड टिकवू नका. निवड झाल्यावर "म्हैस" हा शब्द मोठ्या अक्षरांत आणि जाड चौकटीसह फॅटच्या आकड्याशेजारीच दिसू दे. नुसत्या लाल-हिरव्या रंगावर विसंबू नका. काहींना तो फरक दिसत नाही, आणि उन्हात तर कुणालाच नीट दिसत नाही.

दशांशचिन्हाचंही असंच. ३.५ लिहिताना टिंब राहिलं की ३५ होतं. फॅटच्या रकान्यात एकच दशांश स्थळ पक्कं ठेवा, म्हणजे ३ आणि ५ दाबलं की आपोआप ३.५ दिसेल. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बोलला जातो, म्हशीचा ६ आणि ९ धरून. गाईच्या नोंदीत ६.८ आलं तर अ‍ॅपनं विचारावं, पण अडवू नये. मशीननं खरोखर तेवढं दाखवलेलं असू शकतं. आणि प्रत्येक नोंदीला "नक्की का?" विचारू नका. चार नोंदींनंतर बोट ते न वाचता दाबायला शिकतं. त्यापेक्षा शेवटची नोंद डोळ्यासमोर ठेवा आणि ती दुरुस्त करायचं बटण शेजारी द्या.

४. कामं लिहा

एका सत्राला पाच-सहा कामं पुरेत. प्रत्येक काम वेगळ्या चिठ्ठीवर, रोजच्या बोलीत. स्क्रीनवरचा शब्द चिठ्ठीत आला की चाचणी वाया गेली; माणूस नुसता शब्द जुळवतो.

चुकीचं: "पावती बटण दाबून पावती छापा."
बरोबर: "१२७ नंबरवाल्या काकूंना आज किती दूध घातलं ते कागदावर हवंय. द्या."

एक काम तरी चूक दुरुस्त करण्याचं असावं: "मघाशी ८.५ लिटर लिहिलं, खरं ५.८ होतं." आणि एक अर्ध्यावर तोडण्याचं: नोंद चालू असताना तुम्ही मुद्दाम दुसऱ्या सभासदाचं दूध पुढं करा आणि चालक पहिल्या नोंदीकडे कसा परततो ते पाहा. ही दोन कामं बाकी सगळ्यांपेक्षा जास्त शिकवून जातात.

५. माणसं आणि कागदपत्रं

पाच माणसं पुरतात असं तुम्ही ऐकलं असेल. त्यामागचं गणित असं: याकोब नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलं की एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो. तसं असेल तर पाच जणांत १ वजा ०.६९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ८४ टक्के अडचणी दिसतात. पण एखादी अडचण दहातल्या एकालाच येणारी असेल, तर पाच जणांत ती दिसायची शक्यता ४१ टक्केच उरते. म्हणून पंधरा जण एकदम बोलावण्यापेक्षा पाच जण, दुरुस्ती, पुन्हा पाच जण, असं करा. शिवाय केंद्रचालक आणि सभासद हे दोन वेगळे गट आहेत, प्रत्येकाचे पाच वेगळे धरा. कॉलेजातले मित्र यातल्या कुठल्याच गटात बसत नाहीत.

सोबत ठेवायचे कागद:

– एक पानी माहितीपत्रक, मराठीत: कशासाठी, किती वेळ, काय नोंदवणार
– संमतीपत्र; चित्रीकरणाची परवानगी त्यातच, पण वेगळ्या खुणेची
– केंद्र किंवा संस्थेच्या सचिवांचं परवानगीचं पत्र
– सत्राची संहिता आणि कामांच्या चिठ्ठ्या
– निरीक्षणाचा तक्ता: काम, वेळ, कुठं अडलं, काय बोलले

प्रोटोटाइपमध्ये खऱ्या सभासदांची नावं, खाते क्रमांक, पगाराचे आकडे घालू नका. गावात ते लगेच ओळखले जातात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या दृष्टीनंही ते योग्य नाही. वाचता न येणाऱ्याला माहितीपत्रक वाचून दाखवा. मानधन द्यायचं असेल तर सुरुवातीलाच द्या आणि सांगा की मधेच उठून गेलात तरी ते तुमचंच.

६. सत्र घ्या

तीन माणसं लागतात: बोलणारा, कागद सरकवणारा "कॉम्प्युटर", आणि टिपणारा. कॉम्प्युटरनं तोंड उघडायचं नाही, चेहऱ्यावरही काही दाखवायचं नाही. आधी आपल्यातल्याच एकावर रंगीत तालीम घ्या; हरवलेले कागद तिथंच सापडतात. सत्र ३० ते ४० मिनिटांचं. ते दूध संपल्यावर ठेवा, रांगेच्या वेळी नाही.

सुरुवातीला शांतपणे सांगा: "काका, आम्ही तुम्हाला तपासत नाही, हा कागद तपासतोय. तुम्ही अडलात तर चूक कागदाची. करताना मनात जे येईल ते मोठ्यानं बोला."

मग गप्प राहा. नवख्यांना हेच सगळ्यात अवघड जातं. माणूस अडला की हात आपसूक पुढं जातो, तो मागं घ्या. "हे दाबू का?" असं विचारलं तर उत्तर असं: "मी इथं नसतो तर तुम्ही काय केलं असतं?" फारच वेळ गेला, समोरचा वैतागला, तर काम थांबवा, "अपुरं" असं टिपा आणि पुढचं द्या.

आपल्याकडची एक खास अडचण: "छान आहे की साहेब!" घरी आलेल्याला वाईट बोलायचं नाही ही रीत आहे, म्हणून कौतुक टिपू नका. हात कुठं थांबला, कोणता शब्द दोनदा वाचला, चालकानं कोणता आकडा आधी शोधला, ते टिपा. मत हवंच असेल तर दोन वेगळ्या रचना समोर ठेवून "उद्यापासून यातली कोणती घ्याल, आणि का?" असं विचारा. आणि मागं चेअरमन उभे असतील तर त्यांना नम्रपणे चहाला घेऊन जा. वरिष्ठ पाहत असताना चालकाला चुकायची मोकळीक राहत नाही.

७. मोजा, पण बेतानं

प्रत्येक कामाला पूर्ण, मदतीनं पूर्ण किंवा अपुरं अशी खूण करा. कागदावर वेळ मोजू नका, कागद सरकवायला लागणारा वेळ त्यात मिसळतो. वेळ फोनवरच्या प्रोटोटाइपवर मोजा. पाचांपैकी पाच जणांना काम जमलं म्हणून "शंभर टक्के यश" लिहू नका. एवढ्या छोट्या संख्येवर ९५ टक्के विश्वासपातळी धरली तर खरं प्रमाण निम्म्याच्या आसपासही असू शकतं.

एसयूएस ही वापरसुलभता मोजायची, जॉन ब्रुक यांची १९८६ ची दहा विधानांची प्रश्नावली मोफत आणि सोपी आहे. प्रत्येकाला १ ते ५ गुण. विषम विधानांच्या गुणांतून १ वजा करा, सम विधानांचे गुण ५ मधून वजा करा, बेरजेला २.५ नं गुणा. बेरीज २७ आली तर ६७.५. सरासरी ६८ च्या जवळपास मानली जाते. हे गुण म्हणजे टक्के नव्हेत. विधानं आलटून पालटून होकारार्थी-नकारार्थी आहेत, त्यामुळे मराठीत वाचून दाखवताना "नाही"ला "नाही" म्हणताना लोक गोंधळतात. विधान हळू, दोनदा वाचा. सभासदांच्या गटाला ती देऊच नका, चालकांपुरती ठेवा.

अडचणींना ० ते ४ अशी तीव्रता द्या. निकष तीन: किती जणांना आली, आल्यावर सावरता आलं का, पुन्हा पुन्हा येते का. आपल्या कामात चौथा निकष जोडा: पैशात फरक पडतो का. पडत असेल तर एकालाच आलेली अडचणही ४.

८. आता फोन घेऊन पहाटे

कागदावर रचना स्थिरावली की खऱ्या फोनवर, खऱ्या वेळी, खऱ्या टेबलाशी. इथं वेगळ्याच गोष्टी निघतात.

बोटं: अँड्रॉइडची शिफारस किमान ४८ डीपीच्या (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) बटणाची आहे. ओल्या हातांसाठी ती अपुरी धरा. आकड्यांची कळ निदान १२ मिमी आणि दोन कळींमध्ये मोकळी जागा. पाण्याचा थेंब पडला तरी टच स्क्रीन त्याला बोट समजू शकते, म्हणून "पुसून टाका" हे बटण "पुढं"च्या शेजारी नको. स्क्रीनवर मुद्दाम थेंब टाकून पाहा. काम फारच बिघडत असेल तर साधा बटणांचा कीपॅड जोडणं हेच उत्तर असू शकतं.

अक्षरं: वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या मजकुराला ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) किमान आहे. उन्हासाठी ७:१ धरा. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळीच्या उंचीत "र्की", "द्ध", "ट्टू" कापले जातात. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथं ल आणि श मराठी वळणाचे येतात. लहान आकारात १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. फॅट मशीन आणि काटा यांच्यावर इंग्रजी आकडे असतील तर नोंदीच्या स्क्रीनवरही तेच ठेवा. नजर एका आकड्यावरून दुसऱ्यावर जाताना भाषांतर करायला लावू नका.

वेग: कळ दाबल्यावर ०.१ सेकंदात काहीतरी दिसलं पाहिजे. प्रिंटरला वेळ लागणार असेल तर तसं लिहून दाखवा, नाहीतर चालक पुन्हा दाबतो आणि दोन पावत्या निघतात. नेटवर्क बंद करून पूर्ण संकलन घेऊन पाहा, आणि मधेच फोन बंद करून शेवटची नोंद टिकते का तेही.

९. वही इतक्यात बंद करू नका

पहिल्या पगाराच्या पूर्ण दहा दिवसांत वही आणि अ‍ॅप दोन्ही चालू ठेवा. त्यात चालकावर दुप्पट काम पडतं, म्हणून दुसरी नोंद करायला तुमचा माणूस तिथं बसवा. रोज संध्याकाळी दोन्ही जुळवा. फरक सापडला की "चूक कुणाची" असं न लिहिता तो कुठल्या क्षणी शिरला ते लिहा: कोड टिपताना, काटा वाचताना, प्रकार निवडताना, की वहीवरूनच. अकराव्या दिवशी ही यादी सचिव आणि चालक दोघांसमोर ठेवा, प्रत्येक फरकापुढं कोणती स्क्रीन बदलणार ते लिहा, आणि पैशाचा फरक उरलेला असेल तर आणखी दहा दिवस वही चालू ठेवा.